हिरवा ठिपका

१४ मार्च, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. फोन हाताशी असताना हिला पत्राचं कुठून सुचलं, असं म्हणून दचकू नकोस. पाकिटातून एक वस्तू पाठवायची होती, म्हटलं चार ओळीही लिहाव्यात. गुडघा कसा आहे? भावोजींचं गोड बंद झालं, की फक्त तुझ्यासमोर बंद आहे?

माझं बरं चाललंय. घरून काम करायला लागून चार वर्षं झाली. पलंगावरून उठलं की तीन पावलांवर ऑफिस. विम्याचे अर्ज तपासायचे, कुणाची कटकट नाही. तू म्हणतेस तसं, राणीचं राज्य.

आमच्या ऑफिसातले एक गेले. सगळ्यांच्या चुका काढायचे म्हणून आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. एकटे राहायचे. एकदाही भेट नाही, पण बोलणं रोजचं. न्हाणीघरात पडले सोमवारी. कळलं शुक्रवारी. आतून कडी होती, दार फोडावं लागलं.

इतके दिवस कुणालाच कसं कळलं नाही, असं तू विचारशीलच. स्क्रीनवर आमच्या नावापुढे हिरवा ठिपका असतो. माऊस हलत राहिला की तो हिरवा, पाच मिनिटं थांबला की पिवळा, आणि लगेच साहेबांची विचारणा. जेवायला उठायचीही चोरी. म्हणून माऊस दोरीनं टेबलफॅनला बांधायचा. पंखा मान फिरवतो, माऊस सरकतो. मास्तरांचा पंखा चार दिवस मान फिरवत होता. रात्रीही ठिपका हिरवा दिसला, तेव्हा आम्ही हसलो, मास्तरांना कामाची भारी हौस! शुक्रवारी त्यांच्याकडची वीज गेली, ठिपका विझला, तेव्हा कुठे साहेबांनी माणूस पाठवला.

ती युक्ती त्यांना मी शिकवली होती.

अजून एक आहे. बुधवारी सकाळी मीटिंगमध्ये साहेबांनी त्यांना हाक मारली. उत्तर नाही. मीच म्हणाले, "आहेत ना साहेब, आत्ताच बोलले माझ्याशी. माईक बिघडलाय त्यांचा." वाटलं, पंखा लावून झोपले असतील, घ्यावं सांभाळून. त्यांचे अर्जही मीच उरकले. साहेब म्हणाले, "बरं, पुढे चला."

डॉक्टर म्हणतात, जीव बुधवारी संध्याकाळी गेला.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. परवा मी माझा पंखा लावला आणि दिवसभर पलंगावर पडून राहिले. म्हटलं बघू, कोण हाक मारतं. कुणीही मारली नाही. संध्याकाळी सगळ्यांना मिळून साहेबांचा निरोप आला, 'आज छान काम झालं.' मला फार भीती वाटते.

सोबत माझ्या दाराची किल्ली आहे. रोज सकाळी नऊला मी तुला फोन करीन. ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी ऑफिसात विचारत बसू नकोस. ती आहे, कामात आहे, असंच सांगतील. तू पहिली बस पकड आणि ये.

आतून कडी घालणं मी सोडलं आहे.

तुझीच,
धाकटी