बेसनाची करंगळी

सेक्टर १०, भिलाई
दि. २४ ऑक्टोबर २०२५

सौ. कमलिनीबाई यांस सिंधूचा सप्रेम नमस्कार वि. वि.

मोना गेल्यावर तुम्हाला हे माझं पहिलंच पत्र. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि गुलाबराव व्याह्यांनी तुमच्या कानाशी ओरडून सांगावं असं हे बोलणं नाही. आमच्या जावेचा भाऊ केवलराम रेल्वेत आहे, त्याची रोजची गाडी आमगावला थांबते. पत्र त्याच्या हाती देते. उत्तरही त्याच्याच हाती द्या.

प्रफुल्लची या आठवड्यात पहिली पाळी आहे. प्लांटमधून आला की जेवतो आणि भिंतीकडे तोंड करून पडतो. तुमचे जावई आधीही फार बोलणारे नव्हते, पण तेव्हा मोना दोघांचं मिळून बोलायची. खुशबू अकराची झाली. उंची वाढली, फ्रॉक सगळे आखूड झाले.

दिवाळी झाली. दारात एक पणती लावली. कढई माळ्यावरच आहे. आमच्या घरची रीत अशी. घरातलं माणूस गेलं की वर्षभर कढई चढत नाही, आणि चढवायचीच झाली तर गेलेल्या सुनेच्या आईनं येऊन चढवायची. शेजारच्या गयाबाईनं एक डबा आणून दिला. खुशबू मात्र आमगावचा डबा कधी येणार म्हणून रोज विचारायची. मी म्हणायची, येईल. काल भाऊबीज झाली, तेव्हापासून तिनं विचारणं सोडलं. ही तक्रार नाही, विहीणबाई. झालं ते लिहिलं.

लिहायचं कारण वेगळंच आहे. ३१ तारखेला खुशबूची मैत्रीण करिष्मा, पद्मनाभपूरची, तिच्या घरी हॅलोवीनची पार्टी आहे. पोरं भुतंखेतं होऊन जातात आणि प्रत्येकानं घरून एक खारा पदार्थ न्यायचा, दिसायला भीतीदायक. गेल्या वर्षी मोनानं बोटं करून दिली होती. गयाबाईकडून ती ठेठरी शिकली होती, ती बेसनाची, ओवा घातलेली, इकडच्या लोकांची तीज-पोळ्याची खारी. त्याच पिठाची तिनं माणसाच्या बोटांसारखी बोटं वळली, सुरीच्या पाठीनं पेरांच्या रेघा काढल्या, टोकाला अर्धा शेंगदाणा दाबून नख केलं. सोबत लाल मिरचीची चटणी, रक्त म्हणून. मी तेव्हा तिला टोकलं होतं की घरात असली अभद्र सोंगं कावून करून राहिली. ती हसली नुसती. पार्टीत दहा-बारा पोरं ती बोटं पाहून खूप हसली म्हणे.

आता खुशबूला तीच बोटं पाहिजेत. प्रफुल्लनं सिव्हिक सेंटरमधून चिप्स आणतो म्हटलं, तर पोर जेवली नाही. परवा मी कढईवाचून जमतं का पाहिलं. बोटं वळली आणि तव्यावर भाजली. दगड झाले. खुशबूनं एक चावून चावून खाल्लं आणि छान झालं म्हणाली. तिच्या आईसारखंच खोटं बोलते, डोळ्यांत पाहून.

आणखी एक झालं, भाजण्याआधी. ती पाच-पाच बोटांचा एकेक हात मांडत होती. प्रत्येक हाताची करंगळी वरच्या पेरातून बाहेर वाकलेली. मला वाटलं पोरीला वळता येत नाही. मी सगळ्या करंगळ्या सरळ करून ठेवल्या. तिनं पाहिलं आणि अशी रडली की तेराव्यालाही रडली नव्हती. मम्मी अशीच करायची, म्हणाली.

तर विचारायचं ते हे, कढई चढवू का? तुमच्याशिवाय चढवता येत नाही, आणि पोरीला नाही म्हणवत नाही. गुलाबरावांना नमस्कार. माझ्यावर राग असला तरी लेकराकडे पाहून दोन ओळी लिहा.

आपली,
सिंधू

(याच पाकिटात)

प्रिय आमगावच्या आजीले खुशबूचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी ठीक आहे. तू कशी आहेस? मले मराठी लिहायले टाइम लागते, हसू नको. पापा म्हणते, कोशिश कर.

आजी, मम्मीनं कॉपीमध्ये रेसिपी लिहिली नाही. फक्त एवढं लिहिलं आहे, ‘मोयन आईसारखं.’ म्हणजे किती चम्मच? तुलेच माहीत असन. इथल्या आजीनं तव्यावर बनवले होते. गयाबाईच्या कुत्र्याले दिले तर त्यानं सुंघून ठेवून दिले. आजीले सांगू नको, तिले वाईट वाटन.

मी चुडैल नाही बनून राहिली. करिष्मानं सांगितलं होतं, पण मी नाही म्हटलं. मी फक्त काळा फ्रॉक घालणार. भूत बनायले मले अच्छा नाही लागत आता.

तू ये ना. तुले ऐकू नाही येत तर मी जोरात बोलीन.

तुझीच,
खुशबू


आमगाव
दि. २७ ऑक्टोबर २०२५

श्रीमती सिंधुताई यांस, स. न. वि. वि.

पत्र शनिवारी संध्याकाळी ह्यांना स्टेशनवर मिळालं. केवलराम चहाही न घेता गेले, गाडी उभी होती.

आधी डब्याचं सांगते. धनत्रयोदशीला मी चकल्या केल्या, शेव केली, डबा भरला, वरून फडकं बांधलं. मग सोडलं. आमच्या घराची रीत अशी की लेक गेलेल्या घरी, तिथून बोलावणं आल्याशिवाय माहेरच्यांनी तळलेलं न्यायचं नाही. मी बोलावण्याची वाट पाहत होते. आठ महिने आलं नाही, तेव्हा मी समजले की तुम्हाला माझं तोंड पाहायचं नाही. तुम्ही तिकडे माझ्या येण्याची वाट पाहत असाल हे माझ्या डोक्यात आलं नाही. ह्यांनी एकदा फोन करतो म्हटलं होतं, मीच नको म्हटलं. दोघींनी रीत पाळली आणि पोर रोज दाराकडे पाहत राहिली.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी तुम्हाला बोलले होते, की दोन दिवस आधी कळवलं असतं तर. ते तुम्ही विसरला नसाल. मीही विसरले नाही.

आता करंगळीचं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. मोना चार वर्षांची होती. मी गाईच्या कोठ्यात घाईत होते, ती मागे मागे येत होती, आणि मी पत्र्याचं दार ओढलं. हाडवैद्यानं बांधलं, पण उजव्या करंगळीचं वरचं पेर वाकडंच जुळलं. मोठी झाल्यावर ती मूठ मिटून ठेवायची. लग्नात मेंदी काढणारणीला तिनं तो हात शेवटी दिला. तुमच्या घरी तेरा वर्षं राहिली आणि तुम्हाला ते बोट दिसलं नाही, यात तुमचा दोष नाही. ती दिसूच देत नव्हती. पण पोरीच्या पार्टीत तिनं तेच बोट बेसनाचं करून दहा-बारा पोरांपुढे ताटात ठेवलं आणि त्यांना हसवलं, हे मला तुमच्या पत्रातून कळलं. मी ते वाक्य कितीदा वाचलं ते लिहीत नाही. तिनं मला त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नव्हता. मीही कधी काढला नव्हता.

खुशबूला सांगा, मोयन चमच्यानं मोजत नाहीत. गरम तेल पिठात घालायचं, चोळायचं आणि मूठ आवळायची. मूठ उघडल्यावर पिठाचा गोळा बोटांच्या ठशांसकट उभा राहिला की झालं.

कढई तुम्ही चढवा. माझी हरकत नाही असं मी लिहून देते, हेच माझं येणं समजा. त्या स्वयंपाकघरात यायला माझे पाय तयार नाहीत. तिची कढई, तिचा झारा पाहायला मी अजून तयार नाही. राग म्हणून नाही, ताकद नाही म्हणून.

खुशबूला गोड पापा. तिचं पत्र उशाखाली ठेवलं आहे. तुमचा जीव सांभाळा.

कमलिनी


सेक्टर १०, भिलाई
दि. २८ ऑक्टोबर २०२५

सौ. कमलिनीबाई यांस सिंधूचा नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं आणि लगेच लिहिते आहे, उद्या मला धीर होणार नाही.

तुम्ही हरकत नाही म्हणून लिहून दिलंत. गयाबाईसुद्धा म्हणाली, आता तर चिठ्ठी आली, चढवा ना दीदी. मी माळ्यावरून कढई खाली काढली. घासली. शेगडीवर ठेवली. तेलाची बाटली हातात घेतली आणि तशीच परत ठेवली. तेव्हा मला समजलं की इतके महिने मी रीत पाळत नव्हते. रीतीआड बसले होते.

तुम्ही दोन दिवस म्हणाला होतात. ते दोन दिवस काय होते ते तुम्हाला ठाऊक नाही. प्रफुल्ललाही नाही. त्या रविवारी माझ्या माहेरचे बारा जण आले होते. मोना सकाळीच म्हणाली होती, आई, मले बरं नाही वाटून राहिलं, अंगात कणकण आहे. मी म्हटलं, गोळी घे, पाहुणे गेले की पड. तिनं बारा माणसांच्या पुऱ्या तळल्या, वर भजी तळली. मी बैठकीत बसून गप्पा मारत होते. मध्ये एकदा ती वाढायला आली तेव्हा तिचे डोळे पिवळे दिसले. मला वाटलं हळदीचा हात लागला असेल. दुसऱ्या दिवशी काढा करून दिला. तिसऱ्या दिवशी ती उठली नाही. कावीळ अंगभर भिनली होती.

आधी नेलं असतं तर वाचली असती का, डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण त्या कढईसमोर ती शेवटची माझ्या शब्दाखातर उभी होती. त्या कढईत तेल ओतायचा हात माझा नाही. तुम्ही हरकत नाही असं लिहिलंत ते हे माहीत नसताना. आता माहीत झालं. आता हवं तर हरकत घ्या. तुमचा तो हक्क आहे.

खुशबूनं मूठ करून पाहिली. पिठावर तिची चारही बोटं उमटली. तिनं तो गोळा मोडला नाही, वाटीखाली झाकून ठेवला आहे. मी तिला अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत काही झालं नाही तर ती रिकाम्या हातानं जाईल. तसं तिनं स्वतःच सांगितलं, आजी, तू टेन्शन नको घेऊ, मी बोलीन की घरी गॅस संपला. अकरा वर्षांची पोर आपली अब्रू झाकायला निघाली आहे.

हे पत्र वाचून फाडा किंवा ठेवा. मी तुमची गुन्हेगार आहे. यापेक्षा वेगळी सही मला सुचत नाही.

सिंधू


आमगाव
दि. ४ नोव्हेंबर २०२५

श्रीमती सिंधुताई यांस सप्रेम नमस्कार वि. वि.

सुखरूप पोचले. केवलरामनी खिडकीची जागा दिली आणि डोंगरगडला भजी खाऊ घातली. माझ्या कानाशी तोंड आणून ते सगळा वेळ काहीतरी सांगत होते. मी मान हलवत होते. काय सांगितलं देव जाणे.

तुमचं पत्र वाचून शुक्रवारी आले खरी, पण समोरासमोर आपण काही बोललो नाही. मी आले, चप्पल काढली, खुशबूनं ओरडून ओरडून अख्खा सेक्टर जमा केला, आणि मी सरळ आत गेले. तुम्ही मोरीपाशी उभ्या राहिलात, उंबरा ओलांडून आत येईनात. तेल मी ओतलं. ते तापेपर्यंत मी तुमच्याकडे पाहिलं नाही, कारण मला काय वाटतंय ते मलाच कळत नव्हतं. खरं लिहायचं तर येताना गाडीत बसले तेव्हा मी तुम्हाला खूप काही सुनावणार होते. सालेकसा स्टेशन येईपर्यंत मनात सगळं जुळवून ठेवलं होतं.

मग खुशबूनं पहिला हात ताटलीत मांडून पुढे केला. पाच बोटं. करंगळी बरोबर तेवढीच वाकडी, तेवढीच बाहेर. पोरीनं आईचा हात किती पाहिला असेल. ती करंगळी तेलात सोडायला माझा हात पुढे होईना. तेव्हा मी तुम्हाला हाक मारली, या, धरा. आणि तुम्ही आलात. झाऱ्याची दांडी दोघींनी धरली होती, आठवतं ना? करंगळी दोघींच्या हातून तेलात गेली.

माफ केलं असं मी लिहिणार नाही. तो शब्द लिहायला मला जमत नाही, आणि लिहिला तरी तुम्हाला खरा वाटणार नाही. एवढंच लिहिते की मी दार ओढलं तेव्हा मीही घाईत होते, मागे वळून पाहिलं नव्हतं. ती तेव्हाही मोठ्यानं रडली नव्हती. आई, दुखून राहिलं, एवढंच म्हणाली होती.

पहिला घाणा मोनाच्या नावानं बाजूला ठेवला, ते बरं केलंत. जावईबापू ड्यूटीवरून आल्यावर त्यातलं एक उचलून बाहेर पायरीवर जाऊन बसले. मी दारातून पाहिलं. त्यांनी खाल्लं नाही, हातात धरून बसले होते. त्यांना रविवारचं सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. माझ्याकडून जाणार नाही.

माझ्या कानांची तपासणी भिलाईत करून घ्यावी असं हे म्हणतात. फेब्रुवारीत वर्षश्राद्धाला येईन तेव्हा आठ दिवस राहीन. तोवर कढई माळ्यावर ठेवू नका. खालीच राहू द्या. खुशबूचे फ्रॉक आखूड झाले आहेत, दोन शिवून आणते, माप तिच्याच हातानं लिहून पाठवायला सांगा. मराठीत.

थंडी सुरू झाली, गुडघ्यांना जपा. आता बोलावण्याची वाट पाहणार नाही, तुम्हीही पाहू नका.

तुमची विहीण,
कमलिनी

ता. क. पिशवी रिकामी करताना तळाशी वहीच्या कागदाची पुडी सापडली. वर लिहिलं होतं, ‘पार्टीत ही कोणाला खाऊ दिली नाही.’ आत एक करंगळी. हे म्हणाले, देवाजवळ ठेव. दोन दिवस ठेवली. आज सकाळी तिला मुंग्या लागू लागल्या. मग मी दाराला कडी लावली आणि बसून खाल्ली. अजून कुरकुरीत होती. नख सगळ्यात शेवटी दाताखाली आलं. मीठ थोडं कमी आहे. मोनाचंही कमीच असायचं. पोरीला सांगू नका, मी आले की सांगीन.