पाशाभाईंनी घरी नेलेली एकतीस चित्रं

लोहारा,
९ डिसेंबर २०२४

पाशाभाई,

सलाम.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही तुमच्या डोळ्यांचं नीट झालं नाही, असं कळलं. म्हणजे हे पत्र मिनाज वाचून दाखवणार. मिनाज, मधलं काही गाळू नकोस. अब्बांना त्रास होईल म्हणून तर मुळीच नको.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, त्यांच्याकडं लक्ष देत नाही. मिनाजची अम्मी, फातिमाबी गेल्या तेव्हा कळलं होतं. तेरला यायला दोन एसट्या बदलाव्या लागतात, हे काही न येण्याचं कारण होत नाही.

कामाचं सांगते. आपल्या वाचनालयातला फ्रान्सच्या राजाचा ग्रंथ पुण्याच्या एका संग्रहालयाला द्यायचं ठरलंय. मिनाजला ठाऊक नसेल म्हणून लिहिते. साडेतीनशे वर्षांपूर्वी त्या राजानं आपले महाल, महालांतली चित्रं, पुतळे आणि जिंकलेले किल्ले तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घेतले. त्यांचे ठसे कागदावर काढून जाडजूड ग्रंथ बांधले आणि परदेशी दरबारांच्या वकिलांना भेट दिले, आपली ऐपत जगाला कळावी म्हणून. त्यातला एक निजामाच्या काळात इथं आलेल्या एका मुनसफाच्या, म्हणजे न्यायाधीशाच्या पेटीतून वाचनालयात आला. वाचणारं कुणी नव्हतं. पाहणारे तुम्ही होता.

संग्रहालयाची आरोही नावाची मुलगी येऊन दोन दिवस भिंग लावून पानं तपासत होती. म्हणाली, ''शेवटची एकतीस चित्रं कुणी दुरुस्त केली? इतक्या हलक्या हाताचं काम मी फार कमी पाहिलंय.'' मी म्हटलं, आमच्याकडं एक बायंडर होते. तिनं लिहून घ्यायला नाव विचारलं. मी चहा ठेवायला उठले.

तुम्ही नोकरी सोडली त्याला यंदा तीस वर्षं झाली.

सोडली असं लिहून गेले. तुम्हाला काढलं. खोडत नाही, दोन्ही राहू दे.

त्र्याण्णवच्या भूकंपात वाचनालयाची मागची भिंत पडली आणि वर पावसानं कपाट भिजलं. ग्रंथाचा शेवटचा भाग पावासारखा फुगला होता. तुमचं स्वतःचं घर पडलेलं, तुम्ही पत्र्याच्या शेडात, आणि मला विचारत होता, ''बाई, ही पानं एकेक सोडवून सुकवाय लागतील. हितं जागा न्हाय. घरी न्हेऊ का?''

संदर्भग्रंथ दाराबाहेर जात नाही, हा नियम मी आठ वर्षं प्राध्यापकांना ऐकवला होता, पुढाऱ्यांना ऐकवला होता. तुम्हाला म्हटलं, ''न्या. नोंद नंतर करू.''

नोंद मी केली नाही.

एकदा मी शेडवर आले होते. पडलेल्या घरातल्या शहाबादी फरश्या तुम्ही धुऊन घेतल्या होत्या आणि त्यांच्याखाली राजाचे महाल दाबून ठेवले होते. चित्रांवर डाग पडतील म्हणून चिकटवायच्या खळीत किडीसाठीचा मोरचूदही घातला नव्हता. किल्ल्याच्या वेढ्याचं चित्र फातिमाबी न्याहाळत होत्या. खंदक, तोफा, धूर, आणि पुढं घोड्यावर राजा, खांद्यावरून खाली कुरळे केस.

''इत्ते बालां!'' त्या म्हणाल्या. ''लढाई कू आया की बारात में?''

''गप बस. राजा हाय त्यो,'' तुम्ही दटावलंत.

''राजा हुआ तो जुवां नै पड़ते क्या?''

राजाच्या उवांवर मीही हसले होते. म्हणजे चित्रं कुठं आहेत ते मला नुसतं माहीत नव्हतं, मी ती तुमच्या दारात बसून चहा पिताना पाहिली होती.

पुढच्या मार्चमध्ये तपासणीचे साहेब आले. यादीशी ताडून पानं मोजली. एकतीस कमी. तुम्ही पुढं होऊन म्हणालात, ''साहेब, माज्याकडं हायत. बाईंला इचारून न्हेलीत.'' समितीचे पाचही जण बसले होते. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं.

मी गप्प राहिले.

तेही खरं नाही. मी म्हणाले, ''अशी परवानगी मी कुणालाच देत नाही.'' सगळ्यांना पटलं, कारण ती माझी ख्यातीच होती. तुम्ही माझ्याकडं एकदा पाहिलंत. दुसऱ्या दिवशी उशीच्या अभ्र्यातून पानं आणलीत, टेबलावर ठेवलीत. ''मोजून घ्या, बाई.''

मी मोजून घेतली, पाशाभाई. तुमच्यासमोर, एकेक.

कारण लिहिते, ते बचावासाठी नाही. माझी नोकरी जाणार नव्हती. फार तर ताकीद मिळाली असती. पण कडक बाईनं स्वतःच नियम मोडला, असं त्या पाच पुरुषांनी घरोघरी सांगितलं असतं. तेवढं मला सोसवत नव्हतं. त्यापायी तुम्ही चोर ठरलात, गाव सोडून तेरला गेलात.

आता ग्रंथाबरोबर त्याचा इतिहास लिहून द्यायचाय. वाचनालयाचे आताचे अध्यक्ष अमरसिंह यांनी जुन्या इतिवृत्तातलं वाक्य उचललं: 'शिपायाने चोरलेली एकतीस चित्रे हस्तगत करण्यात आली.' ग्रंथ असेल तिथवर हे वाक्य जाणार. ते खोटं आहे हे सांगू शकेल असं त्या बैठकीतलं माणूस तुमच्याखेरीज आता मीच उरले आहे. मी अमरसिंहांना सांगितलं, परवानगी माझी होती.

''अक्का, गाडलेलं मढं कशाला उकरता?'' ते म्हणाले. ''रविवारी तुमचा सत्कार ठेवलाय. शालसुद्धा आणलीय.''

''शाल परत करा.''

''लोक काय म्हणतील?''

''पाशाभाईंना म्हणाले तेच. मला जरा उशिरा म्हणतील.''

माझ्या जबाबाची प्रत सोबत जोडली आहे. तोच जबाब गेल्या सोमवारी आरोहीला रजिस्टर पोस्टानं पाठवला. तिचा फोन आला. ते वाक्य जाणार नाही. दुरुस्ती करणाऱ्याचं नाव मात्र तिला पूर्ण हवं आहे, आणि ते मला सांगता आलं नाही. बायंडिंग तुम्ही करायचात, पण आठ वर्षं मी हजेरीपटावर 'पाशामियाँ, शिपाई' एवढंच लिहीत होते. मिनाज, अब्बांना विचार आणि त्यांना हवं तसं पूर्ण नाव कळव. त्यांची इच्छा नसेल तर तसं कळव. त्यांच्या मनाविरुद्ध मी काही लिहिणार नाही.

रविवारच्या सभेत हा जबाब मी उभी राहून वाचणार आहे. तुम्ही या, असं म्हणत नाही. त्या खोलीत तुम्हाला पुन्हा उभं करायचा मला अधिकार नाही. माफीही मागत नाही. मागितली की ती द्यावी की नाही, हा घोर तुमच्या जिवाला लागेल, आणि या वयात माझं काम मी तुमच्यावर ढकलणार नाही.

परवानगी देणारी,
शांता सिद्धाराम बिराजदार
तत्कालीन ग्रंथपाल