मागचं दिसता कामा नये

१२ मार्च, गुरुवार

प्रिय ठोंब्या,

अनेक आशीर्वाद. तुझ्या बायकोचा खोकला गेला का? आणि छोकरीचा दात एकदाचा पडला की अजून लोंबतोय? मी ठीक आहे.

आता मुद्द्याचं. माझा कॉम्प्युटर बंद पडला, ही माझी अडचण. नवीन कोणता घ्यायचा यात तू इतका रस का घेतोयस, ते मला कळेना. मी काढलेल्या चित्रांचं एकही पुस्तक तू कधी शेवटपर्यंत उलटलं नाहीस, आणि आता आठवड्यात चार फोन! ‘ताई, लॅपटॉप घे. खिडकीत बस, गच्चीत बस, आमच्याकडे येऊन महिनाभर काम कर.’ इतका गोड तू लहानपणी फक्त माझी सायकल हवी असली की बोलायचास.

मी माझी कारणं सांगितली. मला मोठा स्क्रीन लागतो, डेस्कटॉपचा एखादा भाग गेला तर तेवढाच बदलता येतो, मान मोडून बसावं लागत नाही. तू प्रत्येक कारणाला ‘बरोबर आहे’ म्हणालास आणि शेवटी पुन्हा ‘पण लॅपटॉपच घे’. तिथेच पाणी मुरतंय हे मी ओळखलं.

गेल्या महिन्यात आलास तेव्हा माझं टेबल टेपने मोजत होतास. मी चहा घेऊन आत आले, तर टेप खिशात! मग आईच्या खाटेकडे बघून म्हणालास, ‘खोली तशी मोठी आहे, नाही?’ या घरात लहानाचा मोठा झालास, तेव्हा कधी दिसली नव्हती का? म्हटलं, आलं लक्षात. ताईच्या हातात लॅपटॉप दिला की टेबल हलेल, टेबल हललं की खाट निघेल. आई जाऊन चार महिने झाले नाहीत तोवर हा खोली रिकामी करायला निघाला.

म्हणून काल मी स्वतःच आपल्या नेहमीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, ‘तुमच्या भावाचा फोन येऊन गेला की.’ चोर सापडला म्हणून मला जवळजवळ आनंदच झाला. विचारलं, काय म्हणाला?

‘शक्यतो लॅपटॉप द्या म्हणाले. पण ताई डेस्कटॉपवरच अडल्या तर तोही द्या. एकच अट. स्क्रीन चकाकणारा नको. त्यात मागचं काही दिसता कामा नये.’

मी काही न घेता परत आले.

म्हणजे तुला माहीत होतं. कधीपासून रे?

मग आता सांगूनच टाकते. आईची वाचा गेल्यापासून तिला हाक मारता येत नव्हती. काही हवं असलं की ती हात वर करायची. टेबलाशी काम करताना माझी पाठ तिच्याकडे. पण चित्र काळोखं असलं की त्या चकचकीत स्क्रीनमध्ये तिची खाट दिसायची. म्हणून मी चार वर्षं काळोखच काढला. जंगल, विहीर, गुहा, रात्रीचं आकाश. प्रकाशकबाई सगळ्यांना सांगतात, ‘ही यांची शैली!’ मी मान डोलावते.

आई गेली त्या दुपारी बाईंना एक पान उजेडाचं हवं होतं. पुस्तकाचं शेवटचं, उन्हाचं, जवळजवळ पांढरं. दोन तास मी त्यात बुडाले होते. पांढऱ्यात मागचं दिसत नाही. मी वळले तेव्हा तिचा हात पांघरुणावर पडलेला होता. तो वर केला होता की नाही, मला माहीत नाही. तुला मी सांगितलं होतं की मी जवळ बसले होते. खोटं होतं ते.

हे पत्र आईच्या खाटेवर बसून लिहितेय. इथे मी आजवर कधी बसले नव्हते. समोर बंद स्क्रीन काळा आहे आणि त्यात माझी खुर्ची समोरून दिसते. म्हणजे मी तिला बघत होते, तेव्हा ती माझं तोंड बघत असायची. चार वर्षं! आणि त्या दुपारी तिला माझं तोंड दिसलं नसेल, पण माझं चित्र दिसलं असेल. इथून स्क्रीन अगदी स्वच्छ दिसतो. त्या पानात झाड, ऊन, कुंपणावर बसलेली पोर. पुष्कळ रडले, आणि मग पत्र लिहायला घेतलं.

लॅपटॉप घेते. तुझ्या अटीचा. खाट मात्र तू आल्यावर दोघं मिळून हलवू. त्याआधी टेप खिशातून काढलास तर याद राख.

त्या पानाची एक प्रत छोकरीसाठी सोबत ठेवलीय. या खेपेला पुस्तक शेवटपर्यंत उलटायचं कारण नाही, शेवटचंच पान आहे.

तुझ्यावर उगाच संशय घेणारी, आणि तू पकडलेली,
तुझी ताई