रिंगखात्यातलं घड्याळ

परळ, ता. ९ मार्च १९५९

तीर्थरूप बाबा,
अर्जुनचा तुम्हा दोघांना जयभीम.

मी बरा आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे? आज संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा आहे, सगळे तिकडे गेलेत. खोलीत मी एकटाच आहे.

व्यवस्थापनाच्या डिप्लोमासाठी कामाचा वेळ मोजून तक्ता करायचा होता. मी तुम्ही जिथे सूत कातलंत तेच मिलचं रिंगखातं मागून घेतलं आणि घड्याळ धरून तुमच्या जोडीला काम केलेल्या भिवाकाकांच्या साच्याजवळ, म्हणजे कताईच्या यंत्राजवळ उभा राहिलो. घड्याळवाला आला की काम वाढू नये म्हणून कामगार हात सावकाश चालवतात, हे तुम्हाला मी काय सांगावं. पण काकांना वाटलं, परीक्षा माझी आहे. "तू फकस्त घड्याळ बघ. बाकी माझ्यावर सोड," म्हणाले आणि तरण्या माणसासारखे तुटलेले धागे सांधत राहिले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत.

सरांनी माझा तक्ता वर्गात वाचला. "हा म्हातारा एवढं करतो, तर दोघांचं काम एकाला सहज जमेल." वर्ग हसला. मीही हसलो. त्या हसण्याची किळस अजून जात नाही.

तक्ता शनिवारी मिलच्या मॅनेजरकडे जाणार होता. मी तो परत मागितला. सर म्हणाले, "मग डिप्लोमा विसरा." मी तक्ता घेऊन बाहेर पडलो. गावात मी साहेब होणार असं सांगितलं असेल, तर आता सांगू नका.

काल काकांना सगळं सांगितलं.  ते एवढंच म्हणाले, "तुझ्या बापाला कोण सांगणार?"

म्हणून लिहिलं.

तुमचा,
अर्जुन