हॅल्डनच्या फुटबॉलचा आवाज

सोमवार, ३० सप्टेंबर
आज डार्लाने बातमी दिली. डार्ला म्हणजे आमच्या हॅल्डन गावच्या केबल चॅनलची दिग्दर्शक, कॅमेरावाली आणि व्हॅनची ड्रायव्हर. यंदा शाळांच्या अमेरिकन फुटबॉलचा राज्य अंतिम सामना दाखवायचं काम आम्हाला मिळू शकतं. शाळांच्या क्रीडा संघटनेची माणसं आमचे पुढचे दोन सामने बघून ठरवणार. मी विमा विकतो ते पोटासाठी, कॉमेंट्री मात्र रक्तातच आहे. अंतिम सामन्याच्या कॉमेंट्री बॉक्समध्ये बसायचं, एवढं एकच मागणं राहिलंय.
निश्चय: यापुढे 'आपली पोरं' म्हणायचं नाही. तटस्थ राहायचं.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर. सामन्यानंतर
तटस्थ होतो. समोरच्यांनी टचडाऊन करून सहा गुण घेतले तेव्हा 'अरेरे' म्हणालो, पण तो उद्गार दोन्ही बाजूंसाठी होता.
श्मिट्झच्या पोराने चेंडू सोडला. हाताला लोणी लावून आलाय का, असं बोलून गेलो. त्याची आई नेमकी आमच्या खिडकीखाली बसलेली. उठली, वळली आणि बघत राहिली. तिच्या तिन्ही ट्रॅक्टरांचा विमा माझ्याकडे आहे. मग उरलेला वेळ पोराचं कौतुक केलं. तो बाकावर बसला होता तेव्हाही.

शनिवार, ५ ऑक्टोबर
धक्का! बायको, म्हणजे ल्युअॅन, टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओवर बर्डेट हॉफरची कॉमेंट्री ऐकते. म्हणाली, सगळं गाव तेच करतं. रेडिओ टीव्हीच्या थोडा पुढे असतो, त्यामुळे टचडाऊन आधी ऐकू येतो आणि मग दिसतो. मजा येते म्हणे.
विचार केल्यावर उलगडा झाला. माझा आवाज ऐकून ती हळवी होत असणार.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर. सकाळ
बर्डेटचा घसा बसलाय! रेडिओ बंद! मला वाईट वाटतंय. (दोनदा शीळ घातली.)
आज सगळं गाव मलाच ऐकणार. निश्चय: बॉक्समध्ये खायचं नाही.

त्याच दिवशी, सामन्यानंतर
मध्यंतरात चर्चच्या बायकांनी चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा झणझणीत रस्सा, आणि दालचिनीचा रोल आणून दिला. नाही कसं म्हणणार? रोल चिलीत बुडवला आणि जोरात ठसका लागला. पण मी कसलेला माणूस, लगेच खोकल्याचं बटण दाबून माइक बंद केला. घरी कुणाला कळलंसुद्धा नसेल.
मग उत्तरार्ध. काय बोललो! स्वतःच्याच डोळ्यांत पाणी आलं. डार्ला व्हॅनमधून हेडफोनवर सारखी 'व्हर्लिन, व्हर्लिन' करत होती. भारावली होती बिचारी. शेवटी ओघ तुटू नये म्हणून हेडफोनच काढून ठेवला.

शनिवार, १२ ऑक्टोबर
किराणा दुकानात अभिनंदनाचा वर्षाव! काल दुसऱ्या हाफमध्ये किती शांत वाटलं, म्हणाले. पाद्रीबुवांना शाळेच्या बँडमधल्या आपल्या मुलीची क्लॅरिनेट पहिल्यांदा टीव्हीवर ऐकू आली. म्हणजे मी बोलत असतानाही! याला म्हणतात संयम.

मंगळवार, १५ ऑक्टोबर
मिळाला! अंतिम सामना आमचा! डार्ला म्हणाली, संघटनेला शुक्रवारच्या उत्तरार्धासारखंच सगळं हवंय. नवा ब्लेझर मागवला. विम्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांना फोन केले. ल्युअॅन काहीतरी सांगणार होती, पण माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, आधी जेवून घे.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर. स्टेडियम, दुपार
डार्लाने ब्लेझर बघितला आणि मला व्हॅनमागे नेलं. सांगितलं ते असं: आमचं बटण एकदा दाबलं की माइक बंद आणि पुन्हा दाबलं की चालू. त्या दिवशी मी पुन्हा दाबलंच नव्हतं. संघटनेला आवडला तो बँडचा आणि प्रेक्षकांचा आवाज. आज कॉमेंट्रीच नाही.
मग हातात एक लांब काठी दिली, टोकाला माइक. म्हणाली, बँडजवळ उभा राहा आणि बोलू नकोस.
खरं सांगतो, रडू आलं.

संध्याकाळ
काठी धरली. हात भरून आले. कुठून कोणाचा आवाज चांगला येतो ते माझं मलाच समजत गेलं. ढोल जरा लांबून, क्लॅरिनेट जवळून.
ल्युअॅनचा घरून फोन आला. आवाज फार सुंदर आला, म्हणाली. मी सांगितलं, माइक माझ्या हातात होता. मग म्हणाली, तुझ्यात काही गुण आहे, हे मला इतकी वर्षं कळलंच नव्हतं.