शाळेच्या मैदानातला बांबू

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुझा आवाज आठवायचा म्हणजे तुझं एखादं बोलणं आठवावं लागतं. गोड बोलणं तुझ्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे आठवतात त्या खरडपट्ट्याच. त्यातली एक मात्र मला आजही सणासारखी वाटते.

त्या कार्तिकात अवेळी पाऊस कोसळला, तलावाची पाळ फुटली, अर्जुनीच्या दवाखान्याकडचा रस्ता वाहून गेला, आणि तुझी सून, माझी बायको, दोन दिवसांपासून बाळंतपणात अडली होती. सुईणीने हात टेकले. रेल्वेचे रूळही पाण्याखाली होते; स्टेशनातून तार केली, तर उत्तर आलं: पुरासाठी आलेलं लष्कराचं हेलिकॉप्टर तिला न्यायला येईल, मैदान मोकळं ठेवा, उजेड करा. गावात हेलिकॉप्टर कोणी पाहिलेलं नव्हतं. पण मी पडलो मास्तर, मला सगळं येत होतं. अंधार पडला तरी ते येईना, तेव्हा मी शाळेच्या मैदानात मधोमध गावातला सगळ्यांत उंच बांबू रोवला आणि आपल्या घरचा आकाशदिवा त्यावर चढवला. पितरांना त्याने वाट दिसते, मग वैमानिकाला का दिसू नये? लोकांनी माना डोलावल्या. उतरायला मऊ म्हणून खाली भाताच्या वाळल्या काड्यांचं तणसही अंथरलं.

तू सुनेच्या उशापासून उठून आलीस आणि वर पाहिलंस.

“काऊन रे, वरून येनाऱ्याले दिवा दिसन, बांबू दिसन का? पोटात घुसन त्याच्या.”

“माय, तुले यातलं नाई समजत.”

“धान उफनते मी जलमभर. त्याले पंखा हाय म्हनते ना? मंग हे तनस कोठी जाईन? त्याच्याच डोऱ्यात. उचल सारं.”

मग तू कोणाची वाट पाहत नाहीस. पदर खोचतेस, बांबू आडवा पाडायला लावतेस. बाया तणस ओढून शाळेमागे नेतात, वर ओली गोणपाटं टाकतात. चार कोपऱ्यांत खड्डे खणून मडकी पुरली जातात आणि वाऱ्याने विझू नयेत म्हणून पणत्या मडक्यांच्या तळाशी ठेवल्या जातात. मी माती उपसतो आहे, आणि घरातून तिचं कण्हणं ऐकू येतं आहे.

ते आलं तेव्हा बैलांनी दावी तोडली. चार उजेडांच्या मधोमध ते अलगद टेकलं. एक काडी उडाली नाही, एक पणती विझली नाही. जिंकलो होतो माय आपण. पंधरा दिवसांनी सून तुझ्या नातीला घेऊन घरी आली आणि तू साऱ्या गावाला गूळ वाटलास. तुला इतकं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

हा कागद वहीतच राहील, म्हणून लिहितो. खाट आत चढवताना वैमानिकाने ओरडून विचारलं होतं, “ये दिये किसने लगवाए? बहुत सही लगाए.” खाटेचा पाय धरून तू शेजारीच उभी होतीस. मी म्हणालो, “मैंने.” गोंदियाच्या बाजारात तू हिंदीतच भाव करायचीस, तुला समजलं नसेल असं नाही. तू काही बोलली नाहीस, तेव्हाही नाही आणि पुढेही कधी नाही. तुझी नात आता स्वतः आजी झाली आहे. तिलाही ती गोष्ट मी अजून त्या ‘मैंने’सकटच सांगतो.