करवंदाच्या जामचा रंग उडाल्याबाबत

प्रति,
मे. परवाना अधिकारी साहेब,
फळपदार्थ तपासणी कचेरी,
मालवण, जि. रत्नागिरी.

विषय : साठवणीत रंग टिकत नाही या कारणाने अडलेला करवंद जामचा परवाना मिळण्याबाबत (अर्ज चौथा).
संदर्भ : आपले पत्र, शेरा 'नमुना तपकिरी, सबब नामंजूर'.

महोदय,

१) अर्जदार आनंदीबाई राऊळ ही माझी थोरली विधवा बहीण. घरी आम्ही तिला अक्का म्हणतो. तिला लिहिता येत नसल्याने अर्ज मी, सत्यवान पालव, प्राथमिक शिक्षक, लिहीत आहे. यापूर्वीचे तिन्ही मीच लिहिले. आता हात कंटाळला आहे, तरी भाषेत कमीजास्त झाल्यास क्षमा असावी.

२) करवंदाचा लाल रंग उजेडाने आणि उष्म्याने उडतो. म्हणून अक्का जामच्या बाटल्या भाताच्या कणगीत पुरून ठेवते. तिथे त्या गणपतीपर्यंत लालच्या लाल राहतात. पहिला नमुना तिने त्याच रीतीने, टोपलीभर भातात पुरून आपल्याकडे धाडला. कचेरीने बाटली काढून पश्चिमेच्या खिडकीत मांडली आणि भात विनापरवाना धान्य वाहतूक म्हणून जप्त केला. उन्हाने जाम तपकिरी झाला व नामंजूर झाला. भाताचे पुढे काय झाले हे विचारण्याचे धाडस आम्ही केले नाही.

३) दुसरी बाटली छत्रीच्या काळ्या कापडात शिवून पाठवली. त्यावर 'रंग दिसून येत नाही' असा शेरा मिळाला. कापड उसवून तीही त्याच खिडकीत ठेवलेली मी डोळ्यांनी पाहिली. मग आपल्या कारकुनांनी थोडा बाजारचा रंग घालण्याचा सल्ला दिला. घरी तो सांगताच अक्का माझ्यावरच उखडली, "करवंदाक रंग लावू? तां काय दशावतारात नाचाक जातला?" तिसरा नमुना रंगाविना गेला आणि खिडकीत जाऊन बसला.

४) आता करवंदे पुन्हा पिकू लागली आहेत. परवान्याशिवाय सावंतवाडीचा दुकानदार माल ठेवून घेत नाही. अक्का माझ्या घरी राहते, राबते, आणि जेवताना मान वर करीत नाही. मला त्याचे फार वाईट वाटते. साठी उलटली तरी तिच्या नावाचा एकही कागद या जगात नाही. परवाना हा पहिला झाला असता. आपली तिन्ही उत्तरे 'श्री. पालव यांस' अशी आली. प्रत्येक वेळी ती पदराला हात पुसत विचारते, "माझां नाव आसा काय रे त्येत?" मी नाही म्हणतो. ती परत चुलीपाशी जाते.

५) तरी सोबतचा नमुना कृपया अंधाऱ्या कपाटात ठेवावा व परवाना द्यावा. ते शक्य नसल्यास नकाराचे पत्र तरी अक्काच्या नावाने पाठवावे. मी ते तिला वाचून दाखवीन.

आपण थकल्या माणसांचे एवढे ऐकून घ्याल अशी आशा आहे.

आपली नम्र,
आनंदीबाई राऊळ
(निशाणी डाव्या अंगठ्याची)
हस्ते सत्यवान पालव
मु. पिंगुळी, ता. ९ एप्रिल १९६३

सोबत : जामची बाटली एक, भाताच्या तुसात पुरलेली. तूस धान्यात मोडत नाही असे समजतो.

ता. क. : शाईची वाट न पाहता अक्काने करवंदे कुस्करता कुस्करताच अंगठा उठवला आहे. हा अर्ज कृपया खिडकीत ठेवू नये.